चाळीस नंबरचा वापरकर्ता

२१ एप्रिल २०२५, सोमवार. मालेगाव

आज रुजू झाले. सव्वादहाला सही केली आणि त्यानंतर जो भेटेल त्याने चहा पाजला. सातवा कप नको म्हटला तर रूपाली म्हणाली, ताई, पहिल्या दिवशी नाही म्हणायचं नसते, उद्यापासून तुमाले इचारते कोण?

वाशीम रोडवर, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर दोन मजली इमारत आहे. शेतकऱ्यांना फोनवरून पिकाचा सल्ला देणाऱ्या प्रकल्पाचं हे कार्यालय. अडतीस टेबलं, अडतीस फोन. त्या सगळ्यांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती खालच्या मजल्यावरची सर्व्हर रूम. आजपासून ती माझ्या ताब्यात.

सध्या बोली तीन महिन्यांची आहे. २३ मे रोजी नागपूरहून तपासणी पथक येईल. खोली त्यांच्या पसंतीस उतरली तर तीन वर्षांचा करार, असं संघदीप सरांनी स्पष्ट सांगितलं. ते इथले व्यवस्थापक, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. करार झाला की दोन खोल्या भाड्याने घेईन आणि समीक्षाला इकडे आणीन. जूनमध्ये ती पहिलीत जाईल. माझा नवरा नवीन अपघातात गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर माझ्या आईकडे, याडीकडे असते. मी वाशीमला कोर्स करत होते, मग इथे तिथे. पोरगी आजीला जास्त ओळखते. ते मला बदलायचं आहे.

खोलीची अवस्था मात्र विचारू नका. मागच्या गणपतीचा थर्माकोलचा मखर, दोन मोडके कूलर, कारकून हरीओम बाबूंची आंब्याची पेटी, अर्ध्या कार्यालयाचे डबे. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत एसी बावीसवर, म्हणून सगळ्यांचा जीव इथे. दाराला कार्डाचं कुलूप आहे, कार्ड फक्त माझ्याकडे आणि सरांकडे. तरी दार विटेने उघडं ठेवलेलं होतं. चपला मात्र सगळे इमानाने बाहेर काढतात.

२३ एप्रिल, बुधवार

दोन दिवस नुसतं बाहेर काढणं चाललं आहे. वीट फेकून दिली. हरीओम बाबू आंब्यांसाठी रुसले. म्हणाले, पिकले असते तर तुमालेच पयला देल्ला असता. मी म्हटलं, बाबू, आंब्याच्या वासाने मशीनला काही होत नाही, उंदराने होतं.

मग तारांना हात घातला. जुन्या तंत्रज्ञाने, रामकिसन नावाचे होते, काम चांगलं केलेलं दिसतं. पण त्यांना नोकरी सोडून दोन वर्षं झाली आणि नंतर ज्याला जे वाटलं ते त्याने खुपसलं. फोनच्या तारा निळ्या, संगणकाच्या करड्या. दर तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. फार आवळायचं नाही, मोठं वळण द्यायचं. वेणी घालावी तसं. संध्याकाळपर्यंत रॅकची एक बाजू अशी सरळ झाली की शिपाई पुंजाजीकाका दारात उभे राहून बघत राहिले. म्हणाले, पोरी, याले तर तू न्हाऊमाखू घालून बसवलं.

खोलीत मोबाइलला रेंज येत नाही. भिंती जाड आहेत. टेबलावरच्या फोनवरून याडीला नुसती रिंग देते, मग गच्चीवर जाऊन मोबाइलवर बोलते. समीक्षाने आज मला बकरीच्या पिलांची नावं सांगितली. तिघांचंही नाव एकच आहे.

२८ एप्रिल, सोमवार

एक तार सोडून सगळ्यांना लेबल लागलं.

ती चाळीस नंबरच्या भोकात आहे. काळी, जाड, जुनी. नंबर नाही. पुढे ती रॅकच्या मागून जमिनीतल्या नळीत शिरते. मी शोधकाठी लावली. तारेच्या एका टोकाला बारीक आवाज सोडायचा आणि काठी फिरवत ती तार कुठे जाते ते ऐकायचं, असं ते साधन. आवाज जमिनीखालून मागच्या भिंतीपर्यंत गेला. मी बाहेर जाऊन भिंतीपलीकडे काठी धरली. तिथे पडीक वावर आहे. आवाज वावरातही होता. साठ-सत्तर पावलं गेले, मग उन्हाने भोवळ यायला लागली म्हणून परतले.

चाळीस नंबरचा दिवा मात्र हिरवा आहे. पलीकडे काहीतरी चालू आहे.

आज आणखी एक कळलं. रोज अकरा दहाला कुठला तरी फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही. पडद्यावर नाव नसतं, नंबर नसतो. त्याला इथे सगळे कोरा फोन म्हणतात. रूपाली सल्ल्याच्या फोनवर बसते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलते, तीही कोरा वाजला की पाण्याची बाटली उघडते. मी विचारलं तर म्हणाली, ज्याले नाव नाही त्याच्याशी काय बोलाव? मी तपासलं. तो चाळीस नंबरवरून येतो.

पुंजाजीकाकांना सांगितलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, झाड, पूस, काईबी कर. फक्त त्याले नाव देऊ नोको. रामकिसननं बी कोरंच ठेवलं होतं. मी हसले. ते हसले नाहीत.

५ मे, सोमवार

नागपूरहून तपासणीचा तक्ता आला. आता वही चालत नाही, सगळं ऑनलाइन. चालू असलेल्या दर तारेपुढे तीन रकाने: नंबर, जागा, वापरकर्ता. एक जरी कोरा राहिला तर अख्खा तक्ता लाल होतो आणि जतन होत नाही.

चाळीसची जागा 'सर्व्हर रूम' लिहिली. वापरकर्ता? लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. यादीत फक्त कर्मचाऱ्यांची नावं. तार काढून टाकू का म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, तपासणीआधी चालू तार काढू नका, सल्ल्याचे फोन बंद पडले तर आपली शोभा होईल. तात्पुरतं तुमचंच नाव टाका, खोली तुमचीच आहे की.

कोर्समध्येही हेच करायचो. रकाना अडला की स्वतःचं नाव.

निता आडे. तक्ता हिरवा झाला. चव्वेचाळीस तारा, चव्वेचाळीस नावं. मी फोटो काढून ठेवला, समीक्षाला दाखवायला.

९ मे, शुक्रवार

तीन दिवस कोरा फोन वाजला नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं. मी माझी पाठ थोपटून घेतली.

आज जेवून येते तर हरीओम बाबू सर्व्हर रूमच्या दारात चपला काढून घामाघूम उभे. म्हणाले, बोलावता कायले आन् दार बंद काहून ठेवता? मी म्हटलं, मी कुठे बोलावलं? त्यांनी फोनचा पडदा दाखवला. निता आडे, एक वाजून बारा. मी तेव्हा वरच्या गच्चीवर भाकरी खात होते.

कालही असंच झालं होतं म्हणे, वरच्या दोघींना. आम्हाला वाटलं गंमत करता. काय बोलले मी? एवढंच, की खाली या, एकटेच या.

रूपाली म्हणाली, ताई, फोनवर तुमी लय शुद्ध बोलता बा. रेडिओवानी. मले वाटलं माह्या चुका काढून राह्यल्या.

आवाज? आवाज तुमचाच.

१४ मे, बुधवार

आज स्वतः पाहिलं. मी रूपालीच्या टेबलाशी उभी होते, हातात पेचकस. तिचा फोन वाजला. पडद्यावर माझं नाव. ती माझ्याकडे बघत राहिली. मी उचलला. पलीकडे काही नव्हतं, फक्त एसीची घरघर, माझ्या खोलीतली. मग मी म्हणाले, "हॅलो?" आणि पलीकडून मी म्हणाले, "हॅलो." तितक्याच वेळाने, तशीच.

खाली धावले. खोली रिकामी. फोन जागेवर.

पुंजाजीकाकांना गेटवर गाठलं. ते किन्हीराजाचे, इथे इमारत झाल्यापासून आहेत. खूप विचारल्यावर बोलले. रामकिसननेही सुरुवातीला वहीत एक नाव लिहिलं होतं, वर्षाराणीचं. सल्ल्याच्या फोनवर बसायची, लग्नामुळे नोकरी सोडणार होती. तिची जागा तशीही रिकामी होणार म्हणून. पंधरा दिवसांनी तिचा बाप दुपारी इथे आला. पोरीनं फोन करून बोलावलं म्हणाला. पोरगी त्या दिवशी रजेवर होती. तेव्हा साधी कडी होती. बाप चपला काढून आत गेला.

मग? मग काय, म्हणाले. चपला म्या महिनाभर ठेवल्या.

रामकिसनने वहीतलं पान फाडलं, रकाना कोरा ठेवला. फोन पुन्हा कोरा झाला. कोरा फोन कोणी उचलत नाही. एवढीच तजवीज होती, आणि मी ती मोडली.

१७ मे, शनिवार

नाव काढता येत नाही. रकाना कोरा केला की तक्ता जतन होत नाही, जुनं नाव परत येतं. नागपूरला कळवलं. उत्तर: वापरकर्ता अनिवार्य आहे, तपासणीनंतर विचार करू.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, ताण आला आहे, तपासणी झाली की चार दिवस घरी जा. राजीनामा दिला तर? तर महिनाअखेरपर्यंत नाव यादीत राहीलच.

दुसऱ्या कोणाचं नाव निवडता येतं. ते लगेच जतन होईल. यादी उघडून बसले होते. हरीओम बाबूंना दोन मुलं. सरांची आई आजारी. रूपालीचा मुलगा दोन वर्षांचा, किन्हीराजाला सासूकडे असतो. यादीत एकही माणूस एकटा नाही.

बंद केली.

मग ती काळी तार उपटली. कात्रीने तोडली, दोन तुकडे केले. दिवा हिरवाच. एक वाजून बारा मिनिटांनी वर फोन वाजला. निता आडे.

२० मे, मंगळवार

याडीचा फोन आला, खोलीतल्या फोनवर. हसत होती. म्हणाली, सकाळी तू फोन केलास तो मराठीत काय बोलत होतीस, मी काय तहसीलदारीण आहे का? समीक्षाला पाठवून दे म्हणालीस. मी म्हटलं, आधी आपल्या भाषेत बोल, मग पाठवते.

तिला सांगितलं की तो फोन माझा नव्हता. कोणीतरी माझा आवाज काढतं. ती म्हणाली, मग मी ओळखू कशी? मी म्हटलं, मी तुझ्याशी कायम आपल्या तांड्याच्या बोलीत, गोरमाटीतच बोलेन, आणि पोरीला नानकी म्हणेन. नानकी म्हणजे धाकुली, हे नाव घराबाहेर कोणाला माहीत नाही. ते ऐकलंस तरच खरं मान. ती हो म्हणाली. समीक्षाला फोन दिला. दहा मिनिटं बोललो, सगळं गोरमाटीत. बकरीची पिलं, तिचा पडलेला दात, आजोबांच्या काठीची गोष्ट.

जरा बरं वाटलं.

२१ मे, बुधवार

सकाळी ६.

झोपेतून उठून बसले. मी ते सगळं कुठल्या फोनवरून सांगितलं?

खोलीतल्या. त्या फोनवरून. खूण, नाव, भाषा, दहा मिनिटं—

याडीचा मोबाइल बंद. शेजारच्या दौलतसिंग भाऊंचा लागत नाही. पहिल्या गाडीने निघते.

८.४०. मंगरुळपीर. गाडी बदलायची आहे. अजून बंद.

१०.५०. तांडा. याडी दारातच. मला बघून तिचं तोंड उतरलं. म्हणाली, तू इथे कशी? पहाटे साडेपाचला फोन आला. गोरमाटीत. नानकीला पाठव म्हणालीस, दात दुखतो का विचारलंस, मोबाइलची बॅटरी वाचव, बंद ठेव म्हणालीस. दौलतसिंग सातला मोटारसायकलने मालेगावला बियाणं आणायला निघणारच होता, त्याच्यासोबत बसवली. नवा फ्रॉक घालून.

ती स्वतःच्या तोंडात मारून घेत होती.

११.३०. एका जीपमध्ये. कार्यालयात फोन लावते आहे. रेंज येते, जाते. रूपालीचा लागला. म्हणाली, हो ताई, आली ना पोरगी, किती गोड आहे, तुमी आतून फोन केला तशी मी—

तुटला.

१.०५. कार्यालय. सर्व्हर रूमच्या दाराबाहेर तिचे गुलाबी सँडल. शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

सर वाशीमला बैठकीत. माझं कार्ड चालत नाही. दाराच्या कुलपावरचा छोटा पडदा म्हणतो, निता आडे आत आहेत.

रूपाली रडते आहे. म्हणते, पडद्यावर तुमचं नाव होतं ताई, तुमी म्हटलं दाराशी सोड, मी बटन दाबते. दार आतूनच उघडलं. गार हवा आली. पोरगी हसत गेली.

दाराला कान लावला. समीक्षा बोलते आहे. पिलांची नावं सांगते आहे. मध्येमध्ये मी हुंकार देते. मी. आतून.

ओरडले. नानकी, दार उघड, मी आहे.

मग तिने आतल्या मला विचारलं, बाहेर कोण आहे? आणि मी म्हणाले, आपल्या भाषेत, हळू, मी जसं म्हणते तसं: कोणी नाही, वारा आहे.

पुंजाजीकाका पहार आणायला गेले. दार लोखंडी.

१.१५. रूपालीचा संगणक. तक्ता. चाळीस. वापरकर्ता.

यादी उघडली. वाचलं नाही. वाचलं असतं तर जमलं नसतं. माझ्या नावाखालचं नाव दाबलं. जतन.

आतला आवाज अर्ध्या शब्दात थांबला. मग दुसराच आवाज. समीक्षा घाबरून रडायला लागली, मम्मी कुठे, मम्मी कुठे. पडदा कोरा झाला. माझं कार्ड लागलं. दार उघडलं.

ती माझ्याकडे आली. हात बर्फासारखे. पण आली. माझ्याकडे.

२.१०. माझ्या मांडीवर झोपली आहे. बोलत नाही कोणाशी. इथे बोललेलं सगळं तिकडे जातं, म्हणून लिहिते.

माझ्या नावाखाली माझ्याआधी रुजू झालेली होती. रूपाली.

तिला अजून माहीत नाही. माझ्या पोरीसाठी तिने बिस्किटं आणली. तिचे डोळे सुजलेत. माझी माफी मागते आहे.

तिचा आवाज त्याला शिकावा लागणार नाही. तीन वर्षं, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ती त्याच तारांवर बोलते आहे.

मानोऱ्याकडची गाडी पावणेतीनला. उठून चालू लागले तर कोणी अडवणार नाही. मी मुद्दाम तिचं नाव निवडलं नाही, नाव टाका असं सरच म्हणाले होते, तक्ताच तसा आहे— हे सगळं मी मनात तीनदा म्हणून पाहिलं.

२.२०. रूपालीच्या मोबाइलवर फोन. तिची सासू. रूपाली हसली. अवो आत्याबाई, मी कवा फोन केला? मग हसू गेलं. पोराले घेऊन निघाल्या? कुठी पोचल्या?

फाट्यावर, कोणाच्या तरी मोटारसायकलवर. दहा मिनिटं.

ती ओरडून सांगते आहे, येऊ नका. पण तिच्या टेबलावरचा फोन दिवा दाखवतो आहे, चालू आहे, कोणीतरी त्यावरून बोलतं आहे, आणि सासू मोबाइलवर विचारते आहे की ये म्हणणारी तू का नोको म्हणणारी तू.

रूपाली माझ्याकडे बघते आहे. तिला कळलं.

तक्ता समोर उघडा आहे. नाव निवडा, असं लिहिलेलं आहे. माझं तिच्या वरच.

समीक्षा जागी झाली. घट्ट धरून बसली आहे. जायचं ना, म्हणते.

बाहेर मोटारसायकल थांबली. पायऱ्यांवर लहान चपलांचा—

मी बोट—